जर्सीवरचा नकाशा

१९ एप्रिल २०२४ रोजी मोरोक्कोचा एक फुटबॉल संघ अल्जिअर्सच्या विमानतळावर उतरला. संघाचं नाव आर. एस. बर्कान. आफ्रिकेतल्या क्लबांची ‘कॉन्फेडरेशन कप’ नावाची स्पर्धा असते. तिच्या उपान्त्य फेरीचा पहिला सामना त्यांना अल्जीरियाच्या यू. एस. एम. अल्जेर या क्लबशी खेळायचा होता. विमानतळावर सामानाची तपासणी झाली आणि अल्जीरियाच्या कस्टम अधिकाऱ्यांनी पाहुण्यांच्या जर्सी जप्त केल्या. जर्सीवर मोरोक्कोचा छोटासा नकाशा छापलेला होता आणि त्या नकाशात पश्चिम सहाराचा प्रदेश मोरोक्कोचा म्हणून दाखवलेला होता.

पुढे जे झालं त्याला खेळ म्हणता येणार नाही. आफ्रिकन फुटबॉल महासंघाने जर्सी परत करायला सांगितलं, पण यजमान बधले नाहीत. बिननकाशाची जर्सी घालून खेळायला बर्कानने नकार दिला. २१ एप्रिलचा सामना झालाच नाही. महासंघाने बर्कानला ३-० असा विजय बहाल केला. आठवड्याने परतीचा सामना मोरोक्कोत होता. तिथे नकाशाची जर्सी समोर दिसल्यावर अल्जीरियाचा संघ खेळायला तयार झाला नाही. अशा रीतीने चेंडूला एकदाही पाय न लागता उपान्त्य फेरी संपली आणि बर्कान अंतिम फेरीत गेलं.

आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत या बातमीला फारशी जागा मिळाली नाही. आयपीएलचे दिवस होते. पण ही बातमी आपण, म्हणजे मराठी मुसलमानांनी आणि आपल्याविषयी बोलणाऱ्या इतरांनी, नीट वाचायला हवी होती असं मला वाटतं. कारण आपल्याविषयीची एक जुनी समजूत त्या जर्सीवरच्या नकाशाने खोटी पाडली आहे.

ती समजूत अशी की, जगातले सगळे मुसलमान एक आहेत. हे वाक्य दोन प्रकारची माणसं बोलतात. एक आपल्या मोहल्ल्यातली. ती अभिमानाने म्हणतात की आपल्याला सरहद्द नाही, आपण एक उम्मत आहोत. दुसरी मोहल्ल्याबाहेरची. ती संशयाने म्हणतात की यांना सरहद्द नाही, यांचं मन देशाबाहेर असतं. पहिल्यांचा सूर कौतुकाचा, दुसऱ्यांचा आरोपाचा. वाक्य मात्र एकच. आता या वाक्याला मोरोक्को आणि अल्जीरिया लावून बघू.

एकाच कढईतला कुसकुस

या दोन देशांइतकं साम्य असलेले शेजारी शोधूनही सापडणार नाहीत. दोन्हीकडची जवळजवळ सगळी प्रजा मुसलमान, त्यातही सुन्नी, त्यातही मालिकी फिकह मानणारी. म्हणजे नमाजला हात कुठे ठेवायचे यावरूनसुद्धा भांडायला जागा नाही. दोन्हीकडे अरबी आणि अमाझीघ, म्हणजे ज्यांना आपण बर्बर म्हणतो त्यांची भाषा, राजभाषा आहेत. रोजच्या बोलण्यातली दारिजा सीमेच्या अलीकडे-पलीकडे सहज समजते. दोन्हीकडे शुक्रवारी जुम्माची नमाज झाली की घरोघर कुसकुस असतो. २०२० मध्ये कुसकुसला युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान मिळालं, तेव्हा अर्ज अल्जीरिया, मोरोक्को, ट्युनिशिया आणि मॉरिटानिया या चौघांनी मिळून केला होता. कुसकुसवर सही करायला दोन्ही सरकारं एकत्र आली, पण सीमेचं कुलूप काढायला नाही.

हे कुलूप १९९४ चं आहे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये माराकेशच्या एका हॉटेलावर दहशतवादी हल्ला झाला. मोरोक्कोने अल्जीरियाकडे बोट दाखवलं आणि अल्जीरियन नागरिकांवर व्हिसाची सक्ती केली. अल्जीरियाने उत्तरादाखल जमिनीवरची सीमा बंद केली. मोरोक्कोने व्हिसाची अट पुढे काढली, सीमा मात्र उघडली नाही. दीड हजार किलोमीटरहून लांब सीमा तीस वर्षांपासून बंद आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये अल्जीरियाने मोरोक्कोशी राजनैतिक संबंध तोडले, सप्टेंबरमध्ये आपलं आकाश मोरोक्कोच्या विमानांना बंद केलं, आणि ऑक्टोबरअखेर मोरोक्कोतून स्पेनला जाणाऱ्या वायुवाहिनीचा करारही संपू दिला. मोरोक्कोतलं उज्दा आणि अल्जीरियातलं त्लेमसेन ही शहरं मोटारीने दीड-दोन तासांच्या अंतरावर आहेत. आज एका शहरातल्या माणसाला दुसऱ्या शहरातल्या आत्याला भेटायचं असेल, तर तिसऱ्याच देशातून विमान बदलून जावं लागतं.

भांडणाचं मूळ धर्मात नाही, फ्रेंचांनी आखलेल्या रेघांमध्ये आहे. मोरोक्को १९५६ मध्ये स्वतंत्र झाला, अल्जीरिया १९६२ मध्ये. मधल्या सहा वर्षांत अल्जीरियाच्या स्वातंत्र्यसैनिकांना मोरोक्कोने आसरा दिला. उज्दा हे त्यांचं मोठं ठाणं होतं. तिथून सूत्रं हलवणारे हुआरी बूमेदिएन पुढे अल्जीरियाचे राष्ट्रप्रमुख झाले. बर्कानच्या जर्सी जिथे अडवल्या, त्या विमानतळाला त्यांचंच नाव आहे. अल्जीरियावर सर्वांत दीर्घकाळ, १९९९ ते २०१९, राज्य करणारे अध्यक्ष अब्देलअझीझ बुतेफ्लिका यांचा तर जन्मच उज्द्याचा. त्यांच्या वीस वर्षांच्या कारकिर्दीतही जन्मगावाचा रस्ता उघडला नाही.

स्वातंत्र्य मिळून दीड वर्ष होत नाही तोच, ऑक्टोबर १९६३ मध्ये, दोघांत सीमेवरून ‘वाळूचं युद्ध’ झालं. १९७५ मध्ये स्पेनने पश्चिम सहारा सोडायची तयारी केली. मोरोक्कोच्या राजाने साडेतीन लाख लोकांचा ‘हरित मोर्चा’ त्या प्रदेशात धाडला. तिथल्या पोलिसारिओ संघटनेने स्वतंत्र प्रजासत्ताक जाहीर केलं आणि अल्जीरियाने तिला पाठबळ दिलं. प्रश्न आजही तसाच आहे. हजारो सहरावी लोक अल्जीरियातल्या तिंदूफजवळच्या छावण्यांमध्ये राहतात आणि त्यांची तिसरी पिढी तिथेच वाढते आहे. तेही मुसलमानच आहेत. जर्सीवर नकाशा छापणाऱ्यांनी आणि जर्सी जप्त करणाऱ्यांनी त्यांना काही विचारलं असेल असं वाटत नाही.

देश नव्हता तेव्हा संघ होता

मग या सगळ्यात फुटबॉल कुठून आला? तो आधीपासूनच होता.

एप्रिल १९५८ मध्ये फ्रान्सच्या व्यावसायिक क्लबांमधून खेळणारे काही अल्जीरियन खेळाडू एकेक करून गुपचूप देशाबाहेर पडले आणि ट्युनिसला पोचले. त्यांत सेंत-एतिएनचा रशीद मेखलूफी होता, मोनाकोचा मुस्तफा झितूनी होता. दोघंही त्या उन्हाळ्यात स्वीडनमध्ये होणाऱ्या विश्वचषकासाठी फ्रान्सच्या संघाच्या विचारात होते. पैसा, नाव, विश्वचषक हे सगळं टाकून ते एका अशा देशाच्या संघातून खेळायला गेले, जो नकाशावर अजून यायचा होता. फिफाने या संघाला मान्यता दिली नाही. तरी मोरोक्को आणि ट्युनिशिया हे शेजारी त्याच्याशी खेळले. पूर्व युरोपात, चीनमध्ये, व्हिएतनाममध्ये हा संघ गेला आणि जिथे गेला तिथे अल्जीरियाचा झेंडा फडकला, राष्ट्रगीत वाजलं. सरकार स्थापन व्हायच्या आधी राष्ट्र मैदानावर उभं राहिलं होतं.

इतिहासकार एरिक हॉब्सबॉम यांनी राष्ट्रवादावरच्या आपल्या पुस्तकात एक मार्मिक निरीक्षण नोंदवलं आहे. कोट्यवधी अनोळखी माणसांचा समाज ही कल्पना करायला अवघड गोष्ट आहे. अकरा नावं असलेला संघ समोर आला की ती खरी वाटू लागते. मला हे पूर्ण पटतं. राष्ट्र कुणाला दिसत नाही, गोलरक्षक दिसतो. म्हणून फुटबॉलवर राष्ट्राचा जीव जडतो आणि म्हणूनच राज्यकर्त्यांचा डोळाही असतो.

या दोन देशांच्या सामन्यांचे निकाल लोकांना तारखांसकट पाठ आहेत. डिसेंबर १९७९ मध्ये ऑलिम्पिक पात्रता सामन्यात अल्जीरियाने मोरोक्कोला कॅसाब्लांकात, म्हणजे त्यांच्याच घरात, ५-१ ने हरवलं. ते उट्टं काढायला मोरोक्कोला जून २०११ उजाडावा लागला. माराकेशमध्ये ४-०. डिसेंबर २०२१ मध्ये, संबंध तुटून चार महिने होत नाहीत तोच, कतारमधल्या अरब चषकाच्या उपउपान्त्य फेरीत दोघं समोरासमोर आले. २-२ अशी बरोबरी आणि मग पेनल्टीवर अल्जीरियाचा विजय. सामना चुरशीचा झाला, पण तो झाला, हे महत्त्वाचं. मैदान तिसऱ्याच देशात होतं म्हणून झाला.

जानेवारी २०२३ मध्ये मात्र तेही जमलं नाही. देशांतर्गत खेळणाऱ्या खेळाडूंची आफ्रिकन राष्ट्रांची स्पर्धा अल्जीरियात होती. मोरोक्को गतविजेता. त्यांनी थेट विमानाने येऊ द्या असं म्हटलं, अल्जीरियाचं आकाश बंदच राहिलं आणि गतविजेता घरी बसला. उद्घाटन सोहळ्यात नेल्सन मंडेलांच्या नातवाने पश्चिम सहाराच्या मुक्तीचं आवाहन केलं. दोन्ही बाजूंना जे हवं होतं ते मिळालं. फुटबॉल पाहायला आलेल्याला मात्र अर्धीच स्पर्धा मिळाली.

कुंपणाजवळचे लोक

इथवर वाचून कुणी म्हणेल, म्हणजे या दोन देशांतली माणसं एकमेकांचा द्वेष करतात. तसं नाही. माझा मुद्दा पुढेच आहे.

जुलै २०१९ मध्ये अल्जीरियाने सेनेगलला १-० ने हरवून आफ्रिकन चषक जिंकला. तेव्हा मोरोक्कोतल्या उज्दा-सईदिया भागातले लोक बंद सीमेजवळ जमले आणि त्यांनी शेजाऱ्याचा विजय साजरा केला. सईदियाजवळ बिन लजराफ नावाची जागा आहे. दोन देशांचे रस्ते तिथे एका अरुंद ओढ्याच्या दोन काठांनी समोरासमोर जातात. वर्षानुवर्षं लोक तिथे गाड्या थांबवतात आणि पलीकडच्या अनोळखी माणसांना हात हलवून ओरडून खुशाली विचारतात. दोन्हीकडच्या चाहत्यांमध्ये एक घोषणा प्रसिद्ध आहे: ‘खावा खावा, माशी अदावा’. भाऊ-भाऊ आहोत, वैरी नाही. यातला ‘अदावा’ आपल्याला परका नाही. आपल्या बोलण्यातली अदावत तीच.

२०२२ च्या डिसेंबरात मोरोक्कोने स्पेनला आणि मग पोर्तुगालला हरवून विश्वचषकाची उपान्त्य फेरी गाठली. तिथवर पोचलेला तो आफ्रिकेतला पहिला आणि अरब जगातलाही पहिला देश. पॅरिसच्या रस्त्यांवर मोरोक्कन झेंड्यांच्या शेजारी अल्जीरियन झेंडे दिसले. अल्जीरियाच्या सरकारी वाहिनीने मात्र स्पेन बाहेर पडल्याची बातमी देताना कुणी बाहेर काढलं ते सांगणं टाळलं. संध्याकाळी घरोघर जो सामना पाहिला गेला, त्यातल्या विजेत्याचं नाव बातम्यांत नव्हतं.

मला या दोन चित्रांमध्ये सगळं प्रकरण दिसतं. लोकांची चुरस आणि सरकारांचं वैर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चुरशीला शेजारी हवा असतो. तो समोर आला नाही तर खेळायचं कुणाशी? वैराला मात्र शेजारी नकोसा असतो. वैर त्याची जर्सी अडवतं, विमान अडवतं आणि बातमीतून त्याचं नाव पुसतं.

चुरस म्हणजे काय ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचे संघ भिडतात तेव्हा अर्धं शहर श्वास रोखून बसतं. सामन्यात आणि सामन्यानंतर कधी कधी हातघाईही होते, पोलीस बोलवावे लागतात. विश्वचषक आला की त्याच गल्ल्यांमध्ये ब्राझील आणि अर्जेंटिनाचे फलक लागतात. पण उद्या कुणी म्हणालं की अमुक पेठेतल्या माणसाने तमुक पेठेत लग्नाला जायचं नाही, तर लोक त्याला वेड्यात काढतील. चुरस पेठेची ओळख धारदार करते, पण पेठेचा रस्ता बंद करत नाही. देशांच्या बाबतीत रस्ता बंद करण्याचा अधिकार काही मोजक्या लोकांच्या हातात असतो, एवढाच फरक.

हा रोग मुसलमानांचा नाही

हे वाचून कुणाला वाटेल की मुसलमान देश असेच, आपसात भांडणारे. म्हणून एक ख्रिस्ती उदाहरण देतो. मध्य अमेरिकेतले एल साल्वादोर आणि होंडुरास हे शेजारी. दोन्ही कॅथलिक, दोन्ही स्पॅनिश बोलणारे. जून १९६९ मध्ये विश्वचषक पात्रतेसाठी ते तीनदा भिडले. पहिला सामना होंडुरासने जिंकला, दुसरा एल साल्वादोरने, तिसरा मेक्सिको सिटीत एल साल्वादोरने ३-२ असा. सामन्यांच्या वेळी दंगली झाल्या आणि १४ जुलैला एल साल्वादोरच्या सैन्याने होंडुरासमध्ये घुसखोरी केली. सुमारे शंभर तास युद्ध चाललं. जगाने त्याला ‘फुटबॉल युद्ध’ असं नाव दिलं.

नाव गमतीदार आहे, आणि फसवंही. होंडुरासमध्ये साल्वादोरचे सुमारे तीन लाख लोक पोटासाठी येऊन शेती करत होते. होंडुरासने जमीन सुधारणा कायद्याखाली त्यांच्या ताब्यातल्या जमिनी काढून घ्यायला आणि त्यांना हाकलायला सुरुवात केली होती. एल साल्वादोरमध्ये जमीन मूठभर घराण्यांकडे होती, परतणाऱ्यांना द्यायला तिथे काही नव्हतं. दोन्ही सरकारांना आपल्या लोकांच्या प्रश्नांचं उत्तर देण्यापेक्षा शेजाऱ्याकडे बोट दाखवणं सोपं होतं. चेंडू आयताच हाती आला.

नोव्हेंबर २००९ मध्ये अल्जीरिया आणि इजिप्त यांच्यातही थोडक्यात तेच झालं. कैरोत अल्जीरियन संघाच्या बसवर दगडफेक झाली, खेळाडूंची डोकी फुटली. सुदानमध्ये निर्णायक सामना अल्जीरियाने १-० ने जिंकला, आणि त्यानंतर इजिप्तने आपला राजदूत माघारी बोलावला. इजिप्तमध्ये तेव्हा होस्नी मुबारक यांच्या राजवटीला अठ्ठावीस वर्षं झाली होती. राष्ट्रपतींचा थोरला मुलगा अला टीव्हीवर फोन करून देशाच्या अपमानाबद्दल संतापत होता. पुढच्या दीड वर्षात त्याच तरुणांनी तहरीर चौक भरला. त्यांचा राग खरा होता. काही काळ तो दुसऱ्याच पत्त्यावर पाठवला गेला होता, इतकंच.

आपला हिशोब

आता पुन्हा आपल्याकडे. मोरोक्को जिंकत होता त्या रात्री माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर संदेशांचा पूर आला होता. ‘उम्मत की जीत’, ‘इस्लाम का परचम’ वगैरे. आनंद मलाही झाला होता. सामन्यानंतर खेळाडूंनी मैदानावर सजदा केला, आयांना मैदानात आणून त्यांच्यासोबत नाचले, ते पाहून कुणाला बरं वाटणार नाही? पण त्या विजयावर आपलं नाव लिहिण्याची घाई मला पटत नाही. त्या संघातले २६ पैकी १४ खेळाडू मोरोक्कोबाहेर जन्मलेले. अश्रफ हकीमी माद्रिदचा, हकीम झियेश नेदरलँड्सचा, गोलरक्षक यासीन बुनू कॅनडाचा. हॉटेलात, शेतात, लोकांच्या घरी राबणाऱ्या स्थलांतरित आईबापांची ही पोरं. जिथे जन्मले त्या देशाचा संघ काहींना खुला असताना त्यांनी आईबापांचा देश निवडला. या विजयात कष्टकऱ्यांची, स्थलांतरितांची, अमाझीघ आणि अरब माणसांची, आफ्रिकेची गोष्ट आहे. तिला फक्त ‘मुसलमानांचा विजय’ म्हटलं की ती गोष्ट लहान होते. आणि मोरोक्को जर उम्मतचा, तर मग पलीकडे तोंड फिरवून बसलेलं अल्जीरियाचं सरकार कुणाचं? छावणीतला सहरावी कुणाचा? उम्मत ही आपसातल्या माणुसकीची, दुआची आणि मदतीची कल्पना आहे. तिला परराष्ट्र धोरण समजणं हा भाबडेपणा आहे.

सूरह हुजुरातमध्ये माणसांच्या कौमा आणि कबिले कशासाठी आहेत ते सांगितलं आहे: एकमेकांची ओळख पटावी यासाठी. वेगळेपण तिथे गृहीत धरलेलं आहे, मोठेपणाचा दावा मात्र जन्मावरून मान्य केलेला नाही. मला देशाभिमानाची याहून चांगली व्याख्या माहीत नाही.

दुसरा हिशोब मोहल्ल्याबाहेरच्यांशी आहे. १९९० मध्ये ब्रिटनचे नेते नॉर्मन टेबिट यांनी स्थलांतरितांसाठी ‘क्रिकेटची कसोटी’ सुचवली होती: सामन्यात तुम्ही कुणाच्या बाजूने ओरडता यावरून तुमची निष्ठा ठरावी. आपल्याकडे ही कसोटी त्याच्या आधीपासून चालू आहे आणि ती स्थलांतरितांना नाही, पिढ्यान्‌पिढ्या इथेच पुरलेल्या लोकांच्या वारसांना लावली जाते. भारत-पाकिस्तान सामना असला की मोहल्ल्यातून फटाक्याचा आवाज आला का, याकडे कान लावले जातात. ऑक्टोबर २०२१ मध्ये भारत पाकिस्तानकडून दहा गडी राखून हरला. अकरा जण हरले, शिव्या मात्र मोहम्मद शमीला पडल्या. विराट कोहलीने तेव्हा उघडपणे आपल्या सहकाऱ्याची बाजू घेतली आणि धर्मावरून माणसाला लक्ष्य करण्याचा निषेध केला, हे त्याच्या धावांइतकंच लक्षात ठेवण्यासारखं आहे.

ही कसोटी लावणाऱ्यांना माझा एकच प्रश्न आहे. धर्म एक असला की निष्ठा एक होते, असं तुमचं गृहीतक आहे. मग एक धर्म, एक फिकह, एक भाषा आणि एकच कुसकुस असणारे दोन देश एका जर्सीवरून का भांडतात? माणूस ज्या मातीत वाढतो, ज्या शाळेत जातो, ज्या गल्लीत चेंडू लाथाडतो, तिथला होतो. मोरोक्कोतला मुसलमान मोरोक्कोचा झाला, अल्जीरियातला अल्जीरियाचा झाला. मग सांगलीतला मुसलमान तेवढा भारताचा होणार नाही, तो कराचीचाच राहील, हे कोणतं तर्कशास्त्र?

आणि आपल्यातल्या तरुणांनाही सांगायचं आहे. या कसोटीला घाबरून मोठ्याने ओरडू नका आणि चिडून गप्पही बसू नका. आपल्या संघावर प्रेम करायला कुणाचं प्रमाणपत्र लागत नाही. समोरच्या संघातल्या एखाद्याचा खेळ आवडला तर टाळी वाजवायलाही लागत नाही. लागत असेल, तर दोष टाळीत नाही.

२०३० चा विश्वचषक मोरोक्को, स्पेन आणि पोर्तुगाल मिळून भरवणार आहेत. स्पेन म्हणजे मोरोक्कोच्या उत्तर भागावर राज्य केलेला देश. कालच्या मालकाबरोबर यजमान होता येतं, हे मोरोक्कोने दाखवून दिलं आहे. समुद्र ओलांडून हजारो प्रेक्षक जा-ये करतील, बोटी भरतील, जादा विमानं सुटतील. त्या वेळी बिन लजराफच्या ओढ्यापलीकडे उभ्या असलेल्या अल्जीरियन पोराला काही पावलांवरचा हा काठ गाठता येईल का, ते अजून कुणी सांगितलेलं नाही. विश्वचषक कोण जिंकतं यापेक्षा मला त्या उत्तराची जास्त उत्सुकता आहे.